उंदराचे वजन आणि ऋतूंचे घड्याळ

सैबेरियातील हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी हिवाळ्यात रोडावतो. समोर मुबलक अन्न असले तरी तो कमी खातो आणि त्याचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते. पिनियल ग्रंथीतून रात्री स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक त्याला ऋतूची वर्दी देते. रात्र लांबली की हा स्राव अधिक काळ चालतो. परिणामी मेंदूतील थायरॉइड संप्रेरकाची क्रिया मंदावते आणि भूक कमी होते.

बारामती-इंदापूर परिसरात मात्र वर्षातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक असतो. उष्ण प्रदेशातील उंदरांचे ऋतुचक्र प्रामुख्याने पाऊस आणि अन्न यांवर चालते. अन्न तुटले की चरबी झडते, चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन घटते आणि प्रजनन थंडावते.

पर्जन्यछायेतील माळरानावर उन्हाळा हा लगाम लावतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वर्षभर उभा राहणारा ऊस मात्र अन्न आणि आडोसा दोन्ही पुरवतो. म्हणूनच उंदरांची संख्या कमी असताना, पावसाळ्यापूर्वीच, गावाने एकत्रितपणे केलेले मूषकनियंत्रण अधिक परिणामकारक ठरते.