मुका झालेला लॅपटॉप

खडकवासल्याच्या धरणांतून निघालेला मुठा उजवा कालवा हडपसरवरून पुढें दौंड-इंदापुराकडे जातो. या कालव्यावर ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या शेती केली, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागली नाहीं. वाफ्यांत पाणी आलें नाहीं म्हणून शहाणा शेतकरी एकदम धरणाला दोष देत नाहीं. तो प्रथम वाफ्याचें तोंड पाहतो, मग पाट, मग चारी आणि अखेरीस कालव्याचें दार. जेथवर पाणी आलें आहे तेथवर वाट निर्दोष, आणि जेथून पुढें तें सरकलें नाहीं तेथेंच बिघाड. एवढेंच त्याचें शास्त्र.

त्याच हडपसरांत आज उसाच्या व भाजीपाल्याच्या शेतांच्या जागीं मगरपट्ट्यासारख्या वसाहती उभ्या आहेत आणि पुष्कळ घरांतून लॅपटॉप हें घडीचें संगणकयंत्र नांदत आहे. कचेरीच्या सभा, मुलांचे तास, परदेशीं गेलेल्या लेकीशीं रविवारचें बोलणें, हें सारें त्यावरूनच चालतें. असें हें यंत्र एके दिवशीं अकस्मात् मुकें होतें. चित्र दिसतें, ओठ हालतात, परंतु शब्द उमटत नाहीं. घरांतील मंडळींचा निर्णय तयारच असतो : ‘स्पीकर गेले!’ हा निर्णय पुष्कळदां चुकीचा ठरतो; आणि चुकीच्या निदानावर केलेला औषधोपचार खर्चाचा तर असतोच, पण रोग तेथेंच राहतो.

ज्यांना दृष्टि आहे त्यांची यांत फार तर गैरसोय होते. परंतु अंध मनुष्याचा लॅपटॉप मुका झाला म्हणजे त्याचा सारा व्यवहारच थांबतो. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे ‘जॉज’ किंवा ‘एनव्हीडीए’ यांसारखे कार्यक्रम हेच त्याचे डोळे असतात. यांपैकीं दुसरा कार्यक्रम मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं रचावयास घेतला व तो सर्वांना विनामूल्य मिळतो. अशा मनुष्यापुढें पेंच दुहेरी असतो. बिघाड शोधावयाचा तर पडद्यावरचें वाचलें पाहिजे, आणि वाचावयाचें तर आवाज पाहिजे! ज्या घरांत अशी व्यक्ति आहे, तेथें यूएसबीला जोडावयाचा एक साधा हेडफोन नेहमीं हाताशीं ठेवावा. त्याच्या पोटांत ध्वनीची स्वतःची चिप असते. त्यामुळें लॅपटॉपमधील मूळ चिप बिघडली तरी काम चालूं राहतें.

आतां आवाजाची वाट पाहूं गेल्यास ती अशी आहे. गाणें किंवा भाषण संगणकांत आंकड्यांच्या रूपानें असतें. तें प्रथम वाजविणाऱ्या कार्यक्रमांत जातें. तेथून विंडोजसारख्या मूळ व्यवस्थेच्या हातीं येतें. ती व्यवस्था ‘ड्रायव्हर’ नांवाच्या दुभाष्यामार्फत ध्वनीच्या चिपेला हुकूम देते. ही चिप आंकड्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर करते. त्या लहरी ॲम्प्लिफायरमध्यें जोर धरतात व बारीक तारांवाटे स्पीकरच्या वेटोळ्यांत पोंचतात. वेटोळें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत असल्यामुळें मागें-पुढें थरथरतें, त्यासरशीं पातळ पडदा हालतो व आवाज निघतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघां संशोधकांनीं १९२५ सालीं ज्या धर्तीच्या स्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेंच तत्त्व आजच्या अंगठ्याएवढ्या स्पीकरांतहि आहे.

शोधाची सुरुवात सोप्याकडून करावी. कळफलकाच्या वरच्या ओळींत आवाज बंद करणारी कळ असते. पुसतांना किंवा मुलाचा हात लागून ती दाबली जाते. नंतर पडद्याच्या कोपऱ्यांतील कर्ण्याच्या चिन्हावर फुली आहे काय तें पाहावें. ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्यें प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज वेगळा राखलेला असतो; एकाचा शून्यावर असला तरी दुसऱ्याचा चालूं असूं शकतो. म्हणून एकच ध्वनिफीत दोन निरनिराळ्या कार्यक्रमांतून वाजवून पाहावी. एकांत वाजली व दुसऱ्यांत वाजली नाहीं, तर स्पीकर निर्दोष सुटले.

दुसरा प्रश्न असा, कीं आवाज भलत्याच दारानें तर बाहेर जात नाहीं ना? ब्लूटूथचा हेडफोन पलीकडच्या खोलींत पिशवींत पडलेला असतो, परंतु चालूं राहिलेला असतो. लॅपटॉप इमानानें सारा आवाज त्याच्याकडे पाठवितो. दूरचित्रवाणी संचाला एचडीएमआयची तार जोडली असतांहि असेंच घडतें. ‘सेटिंग्ज’मधील ‘साउंड’ या पानावर ‘आउटपुट’ म्हणून जें नांव निवडलेलें असेल, तें लॅपटॉपच्या आंतील स्पीकरचेंच आहे अशी खात्री करून घ्यावी. सभेच्या कार्यक्रमांत ही निवड आणखी एकदां स्वतंत्रपणें करावी लागते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. एवढें झाल्यावर यंत्र पूर्ण बंद करून पुनः सुरू करावें.

येथवर यश आलें नाहीं म्हणजे निर्णायक परीक्षा हेडफोनची. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें, त्या काळीं साध्या स्फटिक-संचाला मोठ्या कर्ण्याचें बळ नसे. श्रोते कानाला हेडफोन लावूनच कार्यक्रम ऐकत. तोच हेडफोन आज न्यायाधीश होतो. मात्र तो तारेचा व गोल खांचेंत बसणारा असावा. ब्लूटूथचा किंवा यूएसबीचा घेतल्यास आवाज मूळ चिपेला वळसा घालून जातो आणि परीक्षा फुकट जाते.

हेडफोनमधूनहि आवाज येत नसेल, तर दोष वाटेच्या वरच्या भागांत आहे. बरेच वेळां तो ड्रायव्हरचा असतो. विशेषतः विंडोजनें स्वतःमध्यें कांहीं बदल करून घेतल्यावर लगेच आवाज गेला असेल तर हा संशय बळावतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्यें ध्वनीच्या यंत्राचें नांव शोधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’नें पूर्वीचा ड्रायव्हर परत आणावा, तें न जमल्यास तो काढून टाकून यंत्र पुनः सुरू करावें, म्हणजे विंडोज तो नव्यानें बसवितें. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच नमुन्यासाठीं दिलेला ड्रायव्हर सर्वांत भरंवशाचा. याहूनहि पक्की परीक्षा हवी असल्यास पेन-ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी व्यवस्था तात्पुरती चालवावी. तींत आवाज आला, तर सारें यंत्र धडधाकट असून दोष केवळ विंडोजच्या मांडणींत आहे हें सिद्ध झालें.

हेडफोन बोलतो, परंतु स्पीकर बोलत नाहींत, अशी स्थिति असेल तर चिपेपर्यंतची वाट बहुतांशीं मोकळी आहे. आतां पहिला संशयित म्हणजे हेडफोनची खांच. तिच्यांत पिन शिरली कीं एक लहानसा संपर्क ‘हेडफोन आला’ अशी वर्दी देतो व स्पीकर बंद होतात. धूळ किंवा गंज यांमुळें तो संपर्क अडकला, तर पिन काढली तरी वर्दी कायम राहते. पिन आठ-दहा वेळां हलक्या हातानें घालून काढावी, हवेचा झोत द्यावा. सुई किंवा टांचणी मात्र खुपसूं नये. कांहीं नव्या यंत्रांत स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला निराळा ड्रायव्हर लागतो, तोहि पाहावा.

यापुढें एक साधा तर्क उपयोगीं पडतो. दोन स्पीकरांपैकीं एकच बंद असेल, तर डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल तपासावा. तो बरोबर असल्यास तो स्पीकर किंवा त्याची तार यांवर संशय घ्यावा. दोन्ही एकाच क्षणीं बंद पडले असतील, तर दोन्ही वेटोळीं एकदम तुटणें दुर्मिळ. तेथें दोघांना सामाईक असलेला ॲम्प्लिफायर, जोडणी किंवा मांडणी पाहणें शहाणपणाचें. आवाज हळूहळू चिरका होत गेला असेल, तर पडदा फाटल्याची किंवा त्यांत कचरा बसल्याची शक्यता अधिक.

यंत्र उघडणें हें सरावलेल्या हाताचें काम आहे. कारागीर प्रथम बॅटरीची जोडणी काढतो, मग स्पीकरच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावतो. चार ओहमच्या स्पीकरचा रोध चारच्या किंचित् खालीं दिसला तर वेटोळें शाबूत. कांटा मुळींच हालला नाहीं तर तें तुटलें. अशा वेळीं केवळ स्पीकरची जोडी बदलून काम भागतें. पुण्यांत बुधवार पेठेंतील तपकीर गल्लीच्या परिसरांत विजेचीं व इलेक्ट्रॉनिक उपकरणें मिळतात, हें पुणेकरांना सांगावयास नकोच. जेथें आंतील दुरुस्ती परवडत नाहीं, तेथें यूएसबीचा बाहेरचा स्पीकर जोडून तेंच यंत्र आणखी कांहीं वर्षें वापरतां येतें.

दुकानांत देण्यापूर्वीं मात्र कागदपत्रें व छायाचित्रें यांची प्रत दुसरीकडे करून ठेवावी, हमीची मुदत तपासावी, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं ‘राइट टू रिपेअर’ हें संकेतस्थळ सुरू केलें. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, ही जाणीव त्यामागें आहे. यंत्र खरोखरच निकामी झालें, तर तें ओल्या-सुक्या कचऱ्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावें. त्यासंबंधींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहेत.

काळजी घेणें त्याहूनहि सोपें. पावसाळ्यांत लॅपटॉप उघड्या खिडकीजवळ ठेवूं नये. चहाचा पेला त्याच्यापासून हातभर दूर असावा, आणि सांडलाच तर तत्काळ वीज तोडून यंत्र बंद करावें, ‘चालतें का’ म्हणून लावून पाहूं नये. व्हीएलसीसारखे कार्यक्रम आवाज शंभर टक्क्यांच्या वर चढवूं देतात; त्या फाटक्या आवाजानें लहान स्पीकरचें वेटोळें तापतें व त्याचें आयुष्य घटतें.

या साऱ्या विद्येचें सार इतकेंच, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, फळ पाहावें आणि मग पुढें जावें. घाईनें दहा कळा दाबणाऱ्यास बिघाड सांपडला तरी तो कशानें गेला हें कळत नाहीं. आणि तोच बिघाड पुनः आला म्हणजे तो पुनः तितकाच असहाय असतो. वाटेवरचें एकेक दार पाहत जाणाऱ्यास आवाज तर परत मिळतोच, शिवाय घरांतील मुलांना विचार करण्याची एक पद्धति फुकट शिकावयास मिळते.