ताजच्या दरवाजावर काय लिहिले आहे?

दिल्लीहून एका दिवसात आग्रा बघून परत येणे आता अगदी सोपे झाले आहे. हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सकाळी गतिमान एक्सप्रेस सुटते आणि शंभर मिनिटांत आग्रा कॅन्टला पोहोचवते. संध्याकाळी तीच गाडी परत आणते. मधल्या सात-आठ तासांसाठी मोटार आणि गाइड असा सौदा दिल्लीतच ठरतो. कार्यक्रमही ठरलेला असतो : ताजमहाल, किल्ला, जेवण आणि एक संगमरवराचे दुकान. महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेली बहुतेक कुटुंबे हा एक दिवस काढतातच. आम्हीही काढला. अम्मी, मुले आणि आम्ही मोठी मंडळी मिळून सात जण होतो.

आमचा गाइड तरुण, बोलका आणि स्वभावाने चांगला होता. फोटो कुठून छान येतो हे त्याला नेमके ठाऊक होते. ताजच्या आवारात शिरण्यापूर्वी लाल दगडाचा मोठा दरवाजा लागतो. तिथे पोहोचताच तो म्हणाला, "आता डोळे मिटा, मी सांगेन तेव्हा उघडा." कमानीतून पांढरा घुमट एकदम दिसावा म्हणून ही युक्ती. मुलांना मजा आली. पण त्या घाईत दरवाजा बघायचा राहून जात होता. थोरली मुलगी मदरशात कुरआन शिकते. ती मात्र खालीच थांबली. कमानीभोवती पांढऱ्या पट्टीवर काळ्या दगडात अक्षरे जडवली आहेत. उजवीकडे तळापासून ती वर चढतात, कमानीच्या माथ्यावरून जातात आणि डावीकडे खाली उतरतात. अक्षरे एकमेकांत इतकी गुंफलेली की आम्हा मोठ्यांना पहिला शब्दही लागेना. तिने बोट वर धरले आणि हळू आवाजात वाचायला लागली. सूरह अल-फज्र.

ज्यांना ही सूरह पाठ आहे त्यांना तिचा शेवट आठवेल. आपल्या पालनकर्त्याकडे समाधानाने परत चल आणि जन्नतमध्ये दाखल हो, असे शांत झालेल्या आत्म्याला तिथे सांगितले आहे. बागेच्या दारावर हीच सूरह का निवडली असेल, हे अम्मींना कुणी समजावून सांगावे लागले नाही. दरवाजाच्या आतल्या, म्हणजे ताजकडच्या बाजूला अद्-दुहा, अश्-शरह आणि अत्-तीन आहेत. लहान मुलांनाही पाठ असणाऱ्या सूरह. मुख्य इमारतीच्या चारही बाजूंच्या मोठ्या कमानींभोवती सूरह यासीन लिहिली आहे. आपल्या घरांत मरणाऱ्याच्या उशाशी वाचली जाते तीच. आतल्या भागात अल-मुल्क आहे. मशिदीच्या कमानीवर अश्-शम्स. कयामतीच्या दिवसाचे वर्णन करणाऱ्या अत्-तकवीर, अल-इन्फितार आणि अल-इन्शिकाक याही सूरह इथे आहेत.

हे सगळे लिहिणारा माणूस म्हणजे अमानत खान. मूळचा इराणातल्या शिराझचा. शाहजहानचा वजीर अफजल खान हा त्याचा भाऊ. वर चढत जाणारी अक्षरे खालून बघणाऱ्याला लहान दिसू नयेत म्हणून त्याने उंचीप्रमाणे त्यांचा आकार वाढवत नेला आहे. त्यामुळे तळचे आणि माथ्यावरचे अक्षर सारखेच भासते. आत त्याने आपले नाव आणि हिजरी सन १०४८ लिहून ठेवले आहे. हजारो हात या कामात राबले, पण भिंतीवर असे नाव उमटले ते या कातिबाचे.

गाइडला यातले काही माहीत नव्हते असे नाही. "कुरआनच्या आयती आहेत," एवढे तो म्हणालाच. पण त्याच्याकडे रोज येणारी माणसे प्रेमकहाणी ऐकायला येतात, मग तो तीच सांगतो. त्याला दोष कशाला द्यायचा? तयारी आपणच करून जायला हवी. निघण्यापूर्वी आठवडाभर घरात अल-फज्र आणि यासीनचा अर्थ मुलांकडून वाचून घेतला, तर ताज बघायला लागणारी निम्मी तयारी झाली म्हणून समजा.

प्रेमकहाणीबद्दलही थोडे बोलायला हवे. शाहजहानचे मुमताजवर प्रेम होते, यात शंका नाही. अर्जुमंद बानो हे तिचे माहेरचे नाव. १६१२ मध्ये निकाह झाला आणि १६३१ मध्ये ती गेली. या एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे. चौदापैकी सात मुले जगली. चौदाव्या बाळंतपणातच तिचा मृत्यू झाला. वय अडतीस. ते घडले आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरला. शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेवर होता आणि ती नेहमीप्रमाणे त्याच्यासोबत छावणीत होती. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत दफन केले होते. काही महिन्यांनी तिचा जनाजा आग्र्याला नेला. मुंबईहून पंजाब मेलने आग्र्याला जाणाऱ्यांची गाडी भुसावळनंतर बुऱ्हाणपूरवरूनच जाते, तेव्हा मुलांना खिडकीतून ते गाव दाखवावे.

गाइडने हे एका वाक्यात उरकले. अम्मी मात्र कबरीपाशी उभ्या राहून बराच वेळ गप्प होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बादशहाच्या बायकोलाही हकीम वाचवू शकला नाही." बाळंतपणात जाणारी स्त्री शहीद ठरते, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. शहिदाची कब्र म्हणूनच त्या काळचे लोक या जागेकडे बघत. तिथे उर्स होई, कुरआनपठण होई, गोरगरिबांना दान वाटले जाई. दरबारी इतिहासकार तिला 'रौझा-ए-मुनव्वरा' म्हणतात. 'ताजमहाल' हे नाव नंतर रूढ झाले. रौझ्याच्या खर्चासाठी तीस गावांचा महसूल आणि शेजारच्या बाजाराचे, सरायांचे उत्पन्न वक्फ केले होते. आजचा ताजगंज मोहल्ला त्याच बाजाराच्या जागेवर वसला आहे.

आता गाइडच्या दोन लाडक्या गोष्टी. पहिली, कारागिरांचे हात तोडल्याची. आमच्या गाइडने ती सांगितली तेव्हा धाकट्याने घाबरून आपले हात खिशात घातले. या गोष्टीला त्या काळचा कसलाही आधार नाही. उलट पुरावा डोळ्यांसमोर उभा आहे. ताजचे काम १६३२ मध्ये सुरू झाले आणि ते चालू असतानाच १६३९ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्याचा पाया घातला गेला. दोन्हींचे मुख्य रचनाकार उस्ताद अहमद लाहोरी होते. त्यांचा मुलगा लुत्फुल्लाह मुहंदिस याने आपल्या काव्यात तसे नोंदवले आहे. दुसरा मुलगा अताउल्लाह याने पुढे औरंगाबादेत बीबी का मकबरा उभारला. तोडलेल्या हातांनी हे कसे होणार? ही साधी शंका मुलांनी विचारली तर गाइडलाही राग येत नाही. आमचा तर हसला आणि म्हणाला, "साहेब, लोकांना आवडते."

दुसरी गोष्ट यमुनेपलीकडच्या काळ्या ताजची. ती तावेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनातून पसरली. पलीकडे मेहताब बागेत उत्खनन झाले तेव्हा अष्टकोनी हौद आणि बागेचे अवशेष मिळाले. काळ्या मकबऱ्याचा पाया मिळाला नाही. शाहजहानची कब्र मधोमध नाही, बाजूला आहे, म्हणजे ती नंतर कशीबशी बसवली, असेही याच ओघात सांगतात. पण मुमताजच्या आजी-आजोबांच्या मकबऱ्यातही अशीच रचना आहे : एक कब्र मध्यावर, दुसरी शेजारी.

घुमटाखाली गेल्यावर मात्र आम्हाला वाईट वाटले. आवाज घुमतो म्हणून माणसे ओरडून बघतात आणि त्यांना गप्प करायला पहारेकरी शिट्ट्या फुंकतात. हाफिजांच्या तिलावतीसाठी केलेल्या जागेत शिट्ट्यांचा आवाज! आत फोटोला मनाई आहे, हे बरेच आहे. जाळीच्या आत दिसतात त्या वरच्या खुणा. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. रजब महिन्यात शाहजहानच्या उर्साच्या तीन दिवसांत तेवढ्या त्या खुल्या होतात. आम्ही मुलांना बाहेरच बजावले होते : सलाम करायचा, मनात दुआ करायची, बोलायचे नाही.

इथे घराघरात निघणारा एक प्रश्न आमच्याकडेही निघाला. कबरीवर इमारत बांधू नये अशी प्रेषितांची (स.) शिकवण असताना, या एवढ्या मोठ्या इमारतीचे कौतुक कसे करायचे? आमच्या मते दोन्ही गोष्टी मुलांना सरळ सांगाव्यात. हुकूम हुकूमच आहे. बादशहांनी केले म्हणून तो बदलत नाही, आणि मोगलांनाही तो ठाऊक होता. बादशहा औरंगजेब यांची खुलदाबादची साधी, उघडी कब्र आपल्याच महाराष्ट्रात आहे. पण कबरींपाशी जाऊन आखिरतची आठवण करावी, हीही प्रेषितांचीच (स.) शिकवण. ताजच्या भिंतीवर जे लिहिले आहे ते तीच आठवण देते. कारागिरी बघताना सुबहानल्लाह म्हणायला काहीच हरकत नाही.

ताजच्या पश्चिमेला मशीद आहे आणि पूर्वेला तिच्यासारखीच दिसणारी दुसरी इमारत, मेहमानखाना. ओळखायची खूण सोपी : मशिदीत मिहराब आहे आणि फरशीवर एकेका नमाजीची जागा आखलेली आहे. शुक्रवारी ताज पर्यटकांसाठी बंद असतो. जुम्याची नमाज होते, पण ती फक्त स्थानिकांसाठी. बाहेरच्यांना परवानगी नसल्याचा निर्णय २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. तेव्हा जुमा ताजमध्ये पढू, या आशेने कुणी शुक्रवारचा बेत करू नये. त्या दिवशी गतिमानही धावत नाही.

ताजनंतर दुकान. आम्ही सकाळीच 'दुकान नको' म्हटले होते, तरी गाडी तिथे थांबलीच. तिथे एक वयस्क कारागीर हाताने फिरवायच्या सानेवर अकीकचा नखाएवढा तुकडा घासत बसला होता. पाकळीचा आकार यायला किती वेळ लागतो ते त्याने दाखवले. पच्चीकारी हेच तिचे नाव, आणि ताजगंजात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती दहा मिनिटे आवडली. पुढचा पाऊण तास रकाब्या आणि टेबलांचे भाव ऐकण्यात गेला. तो वाचवता आला तर जरूर वाचवावा.

कारण त्या वेळात यमुनेपलीकडचा एतमादुद्दौलाचा मकबरा बघून होतो. गाइड त्याला 'बेबी ताज' म्हणतात. नात्याने बघितले तर हे उलटेच आहे. तिथे मिर्झा गियास बेग आणि अस्मत बेगम आहेत, म्हणजे मुमताजचे आजोबा आणि आजी. मकबरा बांधला त्यांच्या लेकीने, नूरजहानने. ती मुमताजची फूफी. ताजच्या आधी, १६२८ पर्यंत तो पूर्ण झाला. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड भरायचे काम ताजपूर्वी इथेच एवढ्या प्रमाणावर झाले. गर्दी कमी. मुलांनी भिंतीवरच्या सुरया, फळे आणि सुरूची झाडे मोजली. फतेहपूर सिक्री मात्र एका दिवसात कोंबू नये. ती चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिला वेगळा दिवस हवा.

किल्ल्यात आमच्या गाइडची खरी रंगत आली. महाराष्ट्रातून आलो हे कळताच तो छत्रपती शिवाजी महाराजांकडे वळला. किल्ल्याबाहेर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहेच. १२ मे १६६६ रोजी महाराज इथल्या दरबारात आले आणि मान राखला गेला नाही म्हणून बाणेदारपणे बाहेर पडले, हे मुलांना शाळेत शिकवलेले होते. याच किल्ल्याच्या मुसम्मन बुरुजात आठ वर्षे नजरकैदेत राहिलेला शाहजहान त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारला, हे मात्र त्यांना नवे होते. आपल्या पुस्तकात ही दोन पाने लांब लांब असतात.

त्या आठ वर्षांत बापाजवळ राहिली ती जहाँआरा. किल्ल्यासमोरची जामा मशीद तिनेच स्वतःच्या पैशातून बांधली, १६४८ मध्ये. लाल घुमटांवर पांढऱ्या नागमोडी रेषा आहेत, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. सहलीच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. आम्ही जोहरसाठी थांबवली. स्थानिक इमामाच्या मागे असल्याने प्रवासात असूनही पुरुषांनी पूर्ण चार रकात पढल्या. अम्मी आणि मुलींनी सहनच्या एका कडेला दोन रकात कसर केली. गाइडही आमच्याबरोबर वजू करून सफमध्ये उभा राहिला. दिवसभरात तो तेवढाच वेळ गप्प होता.

गतिमान रात्री परत हजरत निजामुद्दीनला आणून सोडते. तिथून दर्गा जवळच आहे आणि त्याच आवारात जहाँआरा विसावली आहे. भोवती संगमरवराची जाळी आहे, पण वर छत नाही. कबरीच्या मधोमध दगड न बसवता माती मोकळी ठेवली आहे. माझ्या कबरीवर गवताशिवाय दुसरे आच्छादन नको, अशी तिची इच्छा शेजारच्या शिळेवर फारसीत कोरली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा इशाची अजान व्हायची होती.