पिकअप मध्येच का तुटतो?

शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि ऐन वेग घेताना गाडीनं मान टाकायची. क्षणभरानं पुन्हा सुरळीत. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत असं होऊ शकतं. सावकाश चालवताना दुखणं लपतं, कारण इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा कस भाराखालीच लागतो.

पहिली तपासणी फुकटची: गाडी पेट्रोलवर टाका आणि त्याच चढावर तेवढाच जोर द्या. त्रास गेला तर संशय गॅसच्या बाजूवर. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात. हल्लीच्या किटमध्ये रिड्यूसर तो दोनेक बारवर आणतो. फिल्टर चोंदला किंवा रिड्यूसर थकला, की इंजिन जास्त गॅस मागतं तेव्हाच दाब पडतो. मात्र इथे फसगत होते. गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर निभावून नेणारा झिजलेला प्लग गॅसवर उघडा पडतो. रिड्यूसर बदलण्याआधी प्लग बघा; स्वस्तही पडतं.

दोन्ही इंधनांवर त्रास असेल तर कॉइल आणि मळणीच्या दिवसांत धुळीनं भरलेला एअर फिल्टर. माझा पहिला संशय मात्र वायरिंगवर. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून जोडतात. तो सांधा किंवा अर्थिंग ढिलं असेल तर हादऱ्यानं संपर्क तुटतो.

ओबीडी स्कॅनर लावलात तर कोड पुसण्याआधी लिहून घ्या, आणि चालत्या गाडीतलं रीडिंग शेजारी बसणाऱ्याला पाहू द्या.