दर्यावरची सौदामिनी

चाच्यांच्या चित्रपटात प्रेक्षकाला हवे असते तरी काय? एक गलबत, दोन तलवारी, थोडे नाचगाणे. १९४८ सालच्या ‘द पायरेट’ या अमेरिकन चित्रपटात हे सारे आहेच, वर विनोदही आहे. जीन केली त्यात भटक्या नटाच्या भूमिकेत आहे. त्याची नायिका ज्युडी गार्लंड, माकोको नावाच्या चाच्यावर मनोमन भाळलेली. म्हणून हा पठ्ठ्या आपणच माकोको असल्याची थाप ठोकतो. आणि खरा चाचा निघतो तिचा नियोजित वर, गावचा लठ्ठ महापौर! केली आणि निकोलस बंधूंचा विदूषकी नाच तर कितीदाही पाहावा. मात्र त्यातली चाचेगिरी सगळी वेषांतरापुरती.

आपल्या ‘प्रभात’ने त्याच्या बारा वर्षे आधी, १९३६ साली, पुण्यात ‘अमर ज्योती’ काढला. भाषा हिंदी, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गेल्या सुट्टीत दुधनीला आमच्या आत्याकडे लॅपटॉपवर आम्ही दोघींनी तो पाहिला. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचे टोक. तुरीचा बाजार, तोंडी निम्मे कानडी, निम्मे मराठी. समुद्र तेथे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. तरीही आत्या जागची हलली नाही.

सौदामिनी आपल्या मुलाचा ताबा मागते. मंत्री दुर्जय कायद्यावर बोट ठेवून सांगतो, की बायको ही नवऱ्याची दासी, मुलावर तिचा हक्क नाही. ती उठते आणि थेट दर्यावर जाऊन चाच्यांची नायिका होते. पुढे दुर्जय तिच्या हाती सापडतो, तेव्हा ती त्याचा पाय तोडते. त्या दृश्याला मी अंग चोरले. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, “अगं, आईला पोर देईनात, मग ती काय करंल? दरोडाच घालंल की!”

दुर्गा खोटे त्या वेळी एकतीस वर्षांच्या, स्वतः दोन मुलांच्या आई. त्यांचा करारीपणा अंगभूत वाटतो. तलवार हाती नसली तरी चालले असते! चंद्रमोहन यांचे डोळे तर निम्मे संवाद परस्पर उरकतात.

दोष आहेत. हिंदी फार संस्कृतप्रचुर आहे, आणि शांता आपटे यांची राजकन्या नंदिनी मेंढपाळाच्या प्रेमात पडून गाऊ लागली, की गलबताचे शीड पडल्यासारखे वाटते. गळा गोड आहे, पण आपला जीव दर्यावर अडकलेला असतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. चित्रपटानंतर वीस वर्षांनी, १९५६ साली झालेल्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असाच क्रम आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, एवढी मुभा. या ‘नंतर’चा अर्थ बाप मेल्यावरच असा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९९ साली, गीता हरिहरन यांच्या खटल्यात. मी हे सांगितले तेव्हा आत्याने साल दोनदा विचारून घेतले.

सौदामिनीचा मुलगा तिला अखेर भेटतो. तो मेंढपाळच तिचा हरवलेला सुधीर. पण तोवर तो नंदिनीचा होऊन चुकलेला असतो.