कागदपत्रांतील दुवे : उघडण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता

सातबाराचा उतारा, आठ-अ, पीकविम्याची पावती इत्यादी कागद शेतकरी पूर्वी पेटीत जपून ठेवीत असत. आता त्यांतील पुष्कळसे कागद मोबाइल फोनमध्ये आलेले आहेत. २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेले डिजिलॉकर हे अशा कागदांचे दप्तरच होय. ही सोय उपयुक्त असली, तरी एका बाबतीत दक्षता घेणे अगत्याचे आहे. ती बाब म्हणजे कागदातील दुवा.

कागद दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम कागद दाखविण्यापुरतेच असते. कागदातील दुव्यास बोट लावताच ते सॉफ्टवेअर पुढील काम दुसऱ्याकडे सोपविते. दुवा संकेतस्थळाचा असल्यास ब्राउझर उघडतो, दूरध्वनी क्रमांकाचा असल्यास फोन लावण्याची तयारी होते व पैसे देण्याचा असल्यास यूपीआयचे ॲप उघडते. थोडक्यात, आपण आपल्या शेताचा बांध ओलांडून दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकतो. त्या शेताचा मालक कोण, हे कागदावरून ठरत नाही. कागदावर राजमुद्रा व योजनेचे नाव छापलेले असले, तरी आतील दुवा लबाडाचा असू शकतो. कारण चित्र व अक्षरे यांची नक्कल कोणासही करता येते. म्हणूनच बाहेर जाण्यापूर्वी फोन काही विचारीत असेल, तर ते वाचल्याविना ‘होय’ म्हणू नये.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) दिसणारी अक्षरे व खरा पत्ता निराळे असू शकतात. दुव्यावर बोट दाबून धरल्यास खरा पत्ता पुष्कळदा दिसतो. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा भाग शेवटाकडून वाचावा. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट सरकारी संस्थांसच मिळतो. ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता सरकारी आहे; पण हीच अक्षरे जोडून अखेरीस ‘डॉट कॉम’ असेल, तर तो सरकारी नव्हे.

(२) दुवा उघडल्यावर ‘एपीके’ नावाची फाइल उतरू लागल्यास ती बसवू नये. असे ॲप परवानगी मिळवून फोनवरील संदेश वाचू शकते. बँकेचा ओटीपीही त्यातच येतो. पीएम किसान योजनेचे ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे.

(३) योजनेचा हप्ता किंवा विम्याची भरपाई मिळण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. पिन घातल्याने खात्यातून पैसे जातात, येत नाहीत.

(४) शंका असल्यास दुवा सोडून द्यावा व अधिकृत पत्ता स्वतः टाइप करावा. डिजिटल सातबारावर पडताळणी क्रमांक असतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो घातल्यास उताऱ्याचा खरेपणा कळतो.

एवढे करूनही चूक घडल्यास लाजेने गप्प बसू नये. फोनचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर ते ॲप काढून टाकावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. कार्यकर्त्याने गटात पाठविलेल्या दुव्यावर सारा गाव विश्वास ठेवितो. सबब आलेली फाइल जशीच्या तशी पुढे न पाठविता, दुवा प्रथम स्वतः तपासावा व ग्रामसभेत एकदा तरी खरा व खोटा पत्ता फळ्यावर लिहून दाखवावा. बियाणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्यास पत्ता पारखणे अवघड नाही. हंगामाचे कष्ट खात्यात सुरक्षित राहावेत, यासाठी ही सवय प्रत्येक घरात लागली पाहिजे.