उसने आरमार

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंस परिचित आहे. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तेथील रहिवाशास पाणी ठाऊक ते विहिरीचे, ओढ्याचे आणि पावसाचे. अशा गावाचे नाव घेऊन मी आज आरमाराची हकीकत सांगण्यास बसलो आहे, याचे कोणास नवल वाटेल. गुराबा, गलबते आणि पाण्यातले किल्ले यांचा वऱ्हाडातील काळ्या जमिनीशी संबंध तो काय? संबंध आहे; परंतु तो शेवटी सांगावयाचा आहे. तत्पूर्वी आपणांस कोकणच्या किनाऱ्यावर जावे लागेल.

प्रश्न असा आहे. राज्यात बंड उद्भवले, आणि ते मोडण्यास राज्याचे स्वतःचे बळ अपुरे पडले, तर धनवान व्यापाऱ्याचे बळ उसने घ्यावे काय? आणि घेतलेच, तर ते कोणत्या नाण्यात फेडावे लागते?

आरमार म्हणजे सरकारचे, असे आज आपण गृहीत धरतो. सतराव्या-अठराव्या शतकांत तसा नियम नव्हता. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ही ३१ डिसेंबर १६०० रोजी राजसनद मिळालेली व्यापाऱ्यांची मंडळी. भांडवल भागीदारांचे आणि नफातोटाही त्यांचाच. परंतु पुढे मिळालेल्या सनदांच्या आधारे तिला शिपाई ठेवता येत, किल्ले राखता येत, लढाऊ जहाजे बाळगता येत. मुंबईस तिचे जे आरमार होते त्याचा खर्च अखेर व्यापाराच्या उत्पन्नातूनच भागवावा लागे. म्हणून त्या जहाजांनी नांगर उचलण्यापूर्वी एक प्रश्न अटळ असे : या मोहिमेतून पदरात काय पडेल? हा प्रश्न विचारण्यात अधर्म नाही. जो व्यापारी तो विचारणार नाही त्याचे दिवाळे निघेल. मात्र जो राज्यकर्ता अशा व्यापाऱ्यास मदतीस बोलावतो, त्याने हा प्रश्न आपल्या कानांनी ऐकला पाहिजे.

या कंपनीच्या स्वतःच्याच घरात एकदा बंड झाले, ते प्रथम पाहू. मुंबई बेट पोर्तुगालकडून आंदण म्हणून इंग्लंडच्या राजास मिळाले होते. दुसऱ्या चार्ल्सने ते १६६८ साली वर्षाला दहा पौंडांच्या खंडावर कंपनीस देऊन टाकले. कंपनीच्या संचालकांस खर्च जड वाटू लागला, तेव्हा त्यांनी बेटावरील फौजेच्या पगारास व भत्त्यांस कात्री लावली. परिणाम लवकरच दिसला. २७ डिसेंबर १६८३ रोजी फौजेचा कप्तान रिचर्ड केग्विन याने उपगव्हर्नर चार्ल्स वॉर्ड यास अटकेत टाकले आणि बेटाचा कारभार राजाच्या नावाने आपल्या हाती घेतला. हाच केग्विन १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात शिवछत्रपतींच्या आरमाराशी झुंजला होता. आता त्याने संभाजी महाराजांशी तह केला. सुरतेचा अध्यक्ष जॉन चाइल्ड याने समेटाचा यत्न करून पाहिला; तो फुकट गेला.

अखेर नोव्हेंबर १६८४ मध्ये सर टॉमस ग्रँथम आपले जहाज घेऊन मुंबईस दाखल झाला. हा गृहस्थ या विद्येत मुरलेला होता. १६७७ च्या आरंभी अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत बेकनच्या बंडाचे उरलेसुरले लोक शरण आणण्यात त्याचा मोठा हात होता, आणि त्या वेळी तो कोणी सेनापती नव्हता. ‘कॉन्कॉर्ड’ नावाच्या एका व्यापारी जहाजाचा तो कप्तान होता. तेथील युक्ती त्याने मुंबईसही चालविली : पाठीशी तोफा, आणि हातात क्षमेचे वचन. बंडवाल्यांस माफी मिळाली, केग्विन स्वदेशी गेला, आणि बेट कंपनीस परत मिळाले. किल्ल्यावर मारा करावा लागला नाही, वखार जळाली नाही, बंदरातील एकही जहाज बुडाले नाही. आग स्वतःच्या घरास लागली म्हणजे मनुष्य भिंती सांभाळून पाणी मारतो.

आता याच कंपनीचे आरमार दुसऱ्याच्या घरची आग विझविण्यास कसे गेले ते पाहू.

मराठी राज्याचे सरखेल कान्होजी आंग्रे १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने शाहू छत्रपतींच्या पक्षास मिळाले. किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे व त्याचा आकार भरावा, हा त्यांचा दंडक होता. कंपनीस तो मान्य नव्हता. इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर आणि १७२० साली विजयदुर्गावर हल्ला केला. १७२१ साली पोर्तुगीजांस बरोबर घेऊन ते कुलाब्यावर चालून गेले. तिन्ही वेळा त्यांस हात हलवीत परतावे लागले. १७२९ साली कान्होजी वारले, आणि त्यांच्या मुलांत फूट पडली. उत्तरेस कुलाबा मानाजीकडे गेला. दक्षिणेस सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग प्रथम संभाजीकडे आणि त्याच्यामागून तुळाजीकडे आले.

तुळाजी शूर होता आणि तितकाच हट्टी होता. १७४९ साली त्याने कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ नावाचे जहाज धरले. १७५४ साली डचांच्या तीन जहाजांपैकी दोन जाळली व तिसरे पकडले. त्याचे म्हणणे असे की, मी सरखेल आहे तो छत्रपतींचा. पेशव्यांचा चाकर नव्हे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तल्यावर राज्याची सूत्रे पुण्यास गेली, आणि तेव्हापासून या म्हणण्याचा अर्थ उघड बंड असाच होऊ लागला. इंग्रज त्यास चाचा म्हणत, पेशवे त्यास बंडखोर म्हणत, आणि तो स्वतःस दर्याचा धनी समजत असे. पेशव्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. राज्याचा एक प्रबळ सरदार आज्ञा मानीत नाही. त्याचे किल्ले पाण्यात. आणि पुण्याची फौज घोड्यावरची. पाण्यातल्या किल्ल्यास घोडदळ काय करणार?

म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकरांस हाक दिली. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे कोकणातील अधिकारी रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बुर्शिए यांच्यात करार झाला. आरमाराचा हुकूम इंग्रजांचा राहावा. तुळाजीची जी जहाजे सापडतील ती उभयतांनी वाटून घ्यावी. किल्ल्यांतील तोफा व सामान पेशव्यांस मिळावे. आणि सावित्रीच्या मुखावरील बाणकोट पाच गावांसह इंग्रजांस कायमचे द्यावे, असे त्याचे सार होते. कागदावर हा सौदा पेशव्यांस महाग दिसत नव्हता. एक खाडी व पाच गावे यांच्या बदल्यात सारा दक्षिण किनारा मिळणार होता.

लगेच, म्हणजे २२ मार्चला, कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याचे मुख्य जहाज ‘प्रोटेक्टर’ ४४ तोफांचे होते. शिवाय उखळी तोफा चढविलेली लहान जहाजे बरोबर होती. उखळी तोफेचा गोळा उंच जाऊन तटाच्या आत पडतो व फुटतो. तटाची जाडी मग निरुपयोगी ठरते. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर असा मारा होताच आत आग लागली, दारूचे कोठार उडाले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ला पडला. ८ एप्रिलला बाणकोट हाती आले. कराराप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांस मिळाला. बाणकोट इंग्रजांनी ठेवले आणि त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. येथवर ही मोहीम सर्वस्वी कंपनीच्या खर्चाची, कंपनीच्या जहाजांची होती.

पावसाळा गेला. पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून अंजनवेल, गोवळकोट आदी ठाणी घेत तुळाजीस विजयदुर्गाकडे रेटले. याच सुमारास इंग्लंडच्या राजाचे आरमार ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली मुंबईस आले, आणि कर्नल क्लाइव्हही तेथेच होता. कंपनीने दोन्ही बळे एक केली. परंतु नांगर उचलण्यापूर्वी एक बैठक भरली. तिच्यात हल्ला कसा करावा हे ठरले असेल नसेल; लूट कशी वाटावी हे मात्र निश्चित ठरले. ॲडमिरलचा हिस्सा किती, कप्तानांचा किती, फौजेच्या अधिकाऱ्यांचा किती, याचा तपशील पडला. क्लाइव्हच्या हिश्श्यावरून मतभेदही झाला. त्या वाटणीत ज्यांच्या आमंत्रणावरून हे आरमार निघत होते त्या मराठ्यांचा रकाना नव्हता.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी आरमार निघाले. तुळाजी तोपर्यंत किल्ला सोडून पेशव्यांच्या छावणीत बोलणे करण्यास गेला होता. समेट जवळ आला होता. तो झाला असता तर किल्ला, तोफा आणि जहाजे मराठी राज्यातच राहिली असती. पण मग लूट राहिली नसती. १२ तारखेस वॉटसनने मारा सुरू केला. एक गोळा पूर्वी धरून आणलेल्या त्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर पडला. आंग्र्यांची जहाजे एकमेकांस लागून नांगरली होती. आग एकीवरून दुसरीवर गेली, आणि कान्होजींपासून जमविलेल्या आरमाराचा हा मोठा भाग त्याच दिवशी जळून गेला. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो आधी ठरल्याप्रमाणे वाटला गेला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला, तो पुन्हा सुटला नाही.

श्रोतेहो, येथे मुंबई आणि विजयदुर्ग शेजारी ठेवून पाहा. त्याच कंपनीचे आरमार, तेच काम. मुंबईस बंड मोडताना एक फळीही जळली नाही. विजयदुर्गास सारे बंदर पेटले. फरक शौर्याचा नव्हता, दयेचाही नव्हता. मुंबईस जे जळाले असते ते कंपनीचे होते. विजयदुर्गास जे जळाले ते मराठी राज्याचे होते. उसन्या आरमारास शत्रू तेवढा दिसतो. शत्रूच्या हाती असलेली मालमत्ता वास्तविक आपल्या यजमानाची आहे, हे त्यास दिसत नाही. दिसण्याचे त्यास कारणही नसते.

हिशेब एवढ्यावर मिटला नाही. विजयदुर्ग इंग्रजांनी काही महिने सोडलाच नाही. १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यास नवा तह झाला, त्यात बाणकोटास आणखी गावे जोडली गेली आणि डचांस मराठी मुलखात व्यापाराची बंदी झाली. तेव्हा कोठे किल्ला पेशव्यांच्या पदरात पडला. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालकडे गेले, आणि २३ जून १७५७ रोजी प्लासीची लढाई झाली.

यावरून मराठी आरमार समूळ नष्ट झाले असे मात्र समजू नये. विजयदुर्गास पुढे धुळपांनी आरमार उभारले, आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी कंपनीचे ‘रेंजर’ जहाज पकडूनही दाखविले. परंतु मोडलेले हाड सांधले तरी पूर्वीचा जोर येत नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली. आणि घरच्या भांडणात मुंबईकरांस हाक मारण्याची जी वाट एकदा पडली, तिच्यावरून रघुनाथराव १७७५ साली सुरतेस गेले व दुसरे बाजीराव १८०२ साली वसईस गेले.

आता शिरपूरचा संबंध. तोच व्यवहार पुढे जमिनीवर झाला. वऱ्हाडचा मुलूख निजामाचा होता. त्याच्या राज्यातील बंडे मोडण्यास इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभारण्यात आली. नोवसाजी नाईक हटकराचे बंड १८१९ साली तिनेच मोडले. फौजेचा हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाचा. पगार भागविण्यास हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या सावकारी पेढीने पैसे पुरविले, आणि त्यांच्या फेडीस महसूल लावून दिला गेला. पेढी पुढे बुडाली. फौज राहिली आणि तिच्या खर्चाची थकबाकीही राहिली. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्या फौजेच्या खर्चापायी कंपनीच्या कारभारात गेले. वाशीमचा प्रदेश त्यातच होता. शिरपूरच्या शेतकऱ्याने समुद्र पाहिला नव्हता. पण बाणकोटची खाडी ज्या हिशेबाने गेली, त्याच हिशेबाने त्याचा सारा दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊ लागला.

तुळाजीचा हट्ट निर्दोष होता, असे मी म्हणत नाही. राज्य टिकावयाचे तर सरदाराने आज्ञा पाळलीच पाहिजे. परंतु आपला अवयव दुखतो म्हणून शस्त्रक्रियेस कोणास बोलवावे, याचा विचार दुखण्याइतकाच महत्त्वाचा आहे. सुरी उसनी मिळते. सुरी धरणाऱ्याचा हेतू उसना मिळत नाही. विजयदुर्गाच्या तटाखाली, वाघोटनच्या खाडीत, भरती-ओहोटी आजही पूर्वीप्रमाणेच चालू आहे. कोकणात जाण्याचा योग आला तर त्या तटावर क्षणभर उभे राहावे, आणि खाली पाण्यात जी जहाजे जळाली ती कोणाची होती, एवढे मनाशी आठवावे.