गोळीचा साचा आणि यंत्राची शिस्त

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सॅम्युअल कोल्टच्या कारखान्यातली रिव्हॉल्व्हरे मखमली अस्तराच्या पेटीत विकली जात, तेव्हा त्या पेटीत शस्त्राबरोबर गोळ्या ओतण्याचा साचाही असे. साच्याच्या दोन अर्ध्यांत बहुधा दोन पोकळ्या कोरलेल्या असत, एक वाटोळ्या गोळीची आणि दुसरी निमुळत्या गोळीची. त्यातली कोणती ओतायची हे मालकाने ठरवायचे. चक्रातल्या घरात गोळी समोरून दट्ट्याने दाबून बसवली की शस्त्राची तिच्याकडून फारशी अपेक्षा उरत नसे. अमेरिकेत गोळ्या घरी ओतण्याची ती परंपरा आजही जिवंत आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाने साच्याचे शास्त्र मुळापासून बदलले. या पिस्तुलात गोळी नळीबाहेर पडण्याआधी यंत्राचा एक हलता भाग म्हणून काम करते. म्हणून तिच्या साच्याचा आराखडा नेमबाजाच्या आवडीपेक्षा यंत्राच्या गरजेवरून ठरतो, आणि तो तसाच ठरला पाहिजे, असे माझे प्रतिपादन आहे.

यंत्राची गरज म्हणजे काय, हे काडतुसाच्या एका फेरीत दिसते. गोळी सुटताच मागे उसळणारी स्लाइड रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना मॅगझिनमधल्या सर्वांत वरच्या काडतुसाला मागून ढकलते. काडतूस पुढे सरकते, त्याचे नाक समोरच्या पोलादी उतारावर आदळून वर वळते, नळीच्या मागच्या तोंडातून आत शिरते आणि त्याच ओघात बुडाची कड आकड्याखाली सरकते. हे सारे सेकंदाच्या अगदी लहान अंशात घडते, आणि या प्रवासात उतारावर घासत जाणारा भाग असतो तो गोळीचे नाक. अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेले जॉन ब्राउनिंगचे .४५ पिस्तूल २३० ग्रेन, म्हणजे सुमारे १४.९ ग्रॅम वजनाच्या गोल नाकाच्या, धातूचे कवच असलेल्या गोळीसाठी घडवलेले होते. उताराचा कोन, मॅगझिनच्या ओठांची ठेवण आणि काडतुसाची लांबी ही तिन्ही त्या गोल नाकाशी जुळवलेली होती.

आता एल्मर कीथचे उदाहरण पाहू. १९२०च्या दशकाच्या अखेरीस या अमेरिकी शिकारी-लेखकाने .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी आखलेली गोळी पुढून रुंद व सपाट होती, खांद्याशी तिला धारदार पायरी होती आणि कमरेला वंगणाची रुंद खाच होती. ती कागदावर स्वच्छ गोल भोक पाडी. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात प्रत्येक काडतूस हाताने भरले जात असल्यामुळे तिचे सपाट नाक कुठे अडण्याचा प्रश्नच नव्हता. लक्ष्यावर नेमबाजी करणाऱ्यांना तसेच स्वच्छ भोक .४५ पिस्तुलातूनही हवे होते, पण तिथे उतार आडवा येत होता. हेन्स्ली अँड गिब्ज या साचे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या ६८ क्रमांकाच्या साच्यात या पेचावर तोड सापडते. त्या २०० ग्रेनच्या गोळीला धारदार खांदा आहे, पण खांद्यापुढे लांब, निमुळते नाक आहे. भोक खांदा पाडतो आणि उतार नाक चढते. हा आराखडा पुढे अनेकांनी उचलला, याचे कारण त्याने नेमबाजाची मागणी यंत्राच्या अटींत बसवली.

या अटी मोजमापांतही उतरतात. अशा पिस्तुलांची बहुतेक काडतुसे पुंगळीच्या तोंडावर टेकून नळीत बसतात, त्यामुळे ते तोंड रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारखे आत वळवून गोळी पकडता येत नाही. मॅगझिनची लांबी ठरलेली असल्याने काडतुसाची लांबीही बांधलेली असते: .४५ साठी जास्तीत जास्त १.२७५ इंच, नऊ मिलिमीटर ल्यूगरसाठी १.१६९ इंच. खांदा पुंगळीबाहेर जास्त डोकावला तर तो नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल आट्यांना आधीच टेकतो आणि स्लाइड पूर्ण बंद होत नाही. ते टाळायला गोळी खोल बसवावी, तर नऊ मिलिमीटरमध्ये दुसरे संकट उभे राहते. तिची पुंगळी निमुळती असते आणि बुडाकडे तिची भिंत जाड होत जाते. त्यामुळे लांब गोळीचा मागचा भाग तिथे चेपला जातो. साच्यातून बरोबर व्यासाची निघालेली गोळी अशी पुंगळीतच बारीक होते, मागचा तप्त वायू तिच्या बाजूने निसटतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. म्हणजे नऊ मिलिमीटरसाठी जड गोळी आखणाऱ्याने नाकाइतकाच बुडाचाही विचार करायला हवा.

धातूचेही तसेच आहे. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि नखाने ओरखडा उठावा इतके मऊ असते. .४५ मध्ये दाबाची मान्य मर्यादा दर चौरस इंचाला २१,००० पौंड आहे, तर नऊ मिलिमीटरमध्ये ती ३५,००० आहे. म्हणून शिशात कथील व अँटिमनी मिसळतात. कथिलाने रस साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरतो आणि अँटिमनीने कठीणपणा येतो. हे मिश्रण मराठी मुद्रकांनाही परके नाही. छापखान्यातले खिळे याच तीन धातूंचे ओतले जात, आणि लायनोटाइप यंत्राचा धातू, सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील, अमेरिकेत गोळ्या ओतणाऱ्यांच्या आवडीचा होता. मिश्रण बदलले की थंड होताना होणारे आकुंचनही बदलते, त्यामुळे एकाच साच्यातून वेगळ्या व्यासाच्या गोळ्या पडतात. म्हणून मागणीनुसार साचा कोरणारा कारागीर वजन व व्यासासोबत मिश्रणही विचारतो. शिशाची गोळी आट्यांच्या व्यासापेक्षा साधारण एक हजारांश इंचाने मोठी ठेवतात. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या या फरकावर नळी स्वच्छ राहणार की नाही हे ठरते. शिवाय साच्याच्या दोन अर्ध्या आडव्या उघडतात. वंगणाच्या खाचांच्या भिंती किंचित तिरक्या नसतील तर गोळी साच्यातच अडकते. आराखड्यावर गोळीइतकाच साच्याचाही हक्क असतो.

यावर पहिला आक्षेप असा की अखेर गोळी लक्ष्यासाठी असते, मग अचूकता हाच निकष का नसावा? पण अर्धस्वयंचलित पिस्तुलात अचूकतेची पहिली अट काडतूस दर वेळी एकाच जागी, एकाच तऱ्हेने बसणे ही आहे. जे अडखळत भरले जाते ते सातत्याने लागणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये ५२ क्रमांकाचे पिस्तूल आणले. ते .३८ स्पेशलचे, तोंडाशी सपाट बसवलेल्या नळकांडी गोळीचेच काडतूस चालवण्यासाठी घडवले होते. इथे यंत्रच गोळीपुढे वाकले, असे म्हणता येईल. मात्र त्या सवलतीची किंमत मोठी होती. मॅगझिनमध्ये पाचच काडतुसे मावत, आणि पुढे नाक काढलेले दुसरे कोणतेही काडतूस त्यात जात नसे. गोळी आणि यंत्र यांचे बंधन इथे सैल न होता अधिकच आवळले गेले.

तिसरा आक्षेप आजचा आहे. तांब्याच्या कवचाच्या तयार गोळ्या सर्रास मिळत असताना हा खटाटोप कशाला, आणि शिशाच्या विषाचे काय? विषाचा मुद्दा पूर्ण खरा आहे. शिशाची कोणतीही पातळी शरीराला निर्धोक ठरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांना झालेल्या शिशाच्या विषबाधेचा धडा घेऊन १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचा दारूगोळा पूर्ण बंद झाला. गोळीवर पावडरचा लेप भाजून चढवण्याच्या नव्या पद्धतीने वंगणाच्या खाचा अनावश्यक ठरवल्या, पण लेपाखाली शिसे तेच राहते. भारतात तर परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तरीही या साच्यांचा अभ्यास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जरूर करावा. सुट्या भागाचा आराखडा तो भाग ज्या यंत्रात फिरणार आहे त्या यंत्रापासून सुरू करावा लागतो, हा नियम इतक्या लहान वस्तूत इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळतो.